सोलापूरचं ऊन आणि ‘लाट’ मोजायची पट्टी

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ वर गेला की बातम्यांत ‘उष्णतेची लाट’ येते. हवामान खात्याच्या दफ्तरी मात्र त्या दिवशी बहुधा लाट नसते. यात कुणी खोटं बोलत नाही, मोजायची पट्टीच तशी आहे.

मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश हवं आणि तिथल्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त हवं, तेव्हा ती लाट. फरक ६.४ च्या वर गेला तर तीव्र लाट. पारा थेट ४५ ला टेकला तर मात्र सरासरी बघत नाहीत. शिवाय हवामान उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं घडावं लागतं. सोलापूरचं मेमधलं सरासरी कमाल तापमानच चाळिशीच्या आसपास. म्हणजे ४३ चा दिवस, ज्या दिवशी चप्पल डांबराला चिकटते, तो नियमाने नुसता उन्हाळा. त्यात सोलापूर येतं मध्य महाराष्ट्र उपविभागात, आणि महाबळेश्वरही त्यातच. आपली हवा खरं तर विजापूर-कलबुर्गीची.

दुसरी गोम सरासरीतच आहे. ती ३० वर्षांची काढतात आणि अधूनमधून पुढे सरकवतात. पूर्वी १९६१ ते १९९० ची धरत, आता १९९१ ते २०२० ची धरतात. मधली वर्षं तापत गेली असतील, तर तुलनेचा पायाच वर चढतो आणि आजोबांच्या वेळी लाट ठरला असता असा दिवस नातवाच्या वेळी ठरत नाही. म्हणून शंभर वर्षांचा हिशेब मांडायचा तर सगळ्या नोंदी एकाच आधारकाळाशी ताडाव्या लागतात.

तसा हिशेब देशपातळीवर झाला आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. मार्च २०२२ मधलं देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या कुठल्याही मार्चपेक्षा जास्त होतं, आणि २०२४ हे त्या नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. लाटांचा मुख्य पट्टा म्हणून जो भाग धरतात, त्यात मध्य महाराष्ट्रही आहे.

सोलापूर मुळातच का तापतं, याला फार खोल जावं लागत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. पर्जन्यछायेतली काळी रानं तेव्हा उघडी, भेगाळलेली असतात. जमिनीत ओल असती तर उन्हातली बरीच उष्णता ती सुकवण्यात गेली असती, ती सगळी हवा तापवते. वरच्या थरांत उच्च दाब ठाण मांडून बसला की हवा खाली दाबली जाऊन आणखी तापते, ढग धरत नाहीत. वळीव कोसळला तरच ही कोंडी फुटते.

एवढं असून इथल्या लोकांच्या आठवणीत ऊन वेगळं असं नाही, दुष्काळ आहे. हवामान खातं १८७५ साली निघालं आणि पुढच्याच वर्षी दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. १९७२ च्या दुष्काळाचं म्हणाल तर खडी फोडायची कामं आणि सुकडी हेच ऐकायला मिळतं. पारा किती होता, कुणी सांगत नाही. उन्हाळा सोसायचा असतो, त्याची बातमी होत नाही, असाच तो काळ.

तो सोसता येत होता याला घरंही कारण होती. जाड मातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचे थर दिलेलं छत. दुपारी खाली गारवा, रात्री वर झोप. आता स्लॅब आणि पत्रा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खोलीत सोडतो. माझ्या मते सोलापूरच्या उन्हाळ्यातला खरा बदल रात्रीचा आहे. खात्यानेही ‘उष्ण रात्र’ वेगळी धरली आहे: दिवसा निदान ४० आणि किमान तापमान सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त. कूलर लावावा तर नळाला पाणी रोज नाही.

यंत्रमागाच्या शेडमध्ये तर वाराही नको असतो. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खिडक्या लावून घेतात आणि वर पत्रा तापत राहतो. विडी कामगार बायका घरीच विड्या वळतात. तेंदूची पानं वाळून तडकू नयेत म्हणून ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. दुपारी दोन वाजता त्या खोलीत गार असतं ते फडकंच.