ऑर्केस्ट्रा तोच, खोली वेगळी

मार्च १९७७ मध्ये लंडनजवळच्या डेन्हॅम गावातल्या ॲन्व्हिल स्टुडिओत जॉन विल्यम्स यांनी ‘स्टार वॉर्स’चं पार्श्वसंगीत ध्वनिमुद्रित केलं. वाजवायला लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि ध्वनिमुद्रणाच्या टेबलावर एरिक टॉमलिन्सन. १९८३ साली मालिकेतल्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ची वेळ आली तेव्हा संगीतकार तेच होते, ऑर्केस्ट्रा तोच आणि टॉमलिन्सनही तेच. ॲन्व्हिल स्टुडिओ मात्र १९८० मध्ये बंद पडला होता, त्यामुळे सगळा लवाजमा लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओच्या ‘स्टुडिओ वन’मध्ये गेला. सहा वर्षांत काही वादक, काही माइक बदलले असणारच. तरी इतका आयता प्रयोग सहजासहजी हाती लागत नाही.

दोन्ही अल्बम लागोपाठ ऐका. माझ्या कानाला डेन्हॅमचे ट्रम्पेट थेट अंगावर येतात. सूर कडेला कोरल्यासारखा सुटा राहतो आणि व्हायोलिनांच्या द्रुत ताना एकमेकींत मिसळत नाहीत. ॲबी रोडला त्याच वाद्यांभोवती जागा जाणवते, सूर संपल्यावरही थोडा वेळ रेंगाळतो. मला डेन्हॅम जास्त आवडतं. माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांना नाही आवडत, आणि भांडण सुरू झालं की ते हमखास एलपी बरी की सीडी, सोळा बिट की चोवीस बिट (म्हणजे डिजिटल आवाज किती बारीक मापाने नोंदवला), या वळणावर जातं. खोलीचं नाव कुणी काढत नाही.

खोलीचा हिशेब मांडला तो वॉलेस सबाइन यांनी. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने या तरुण प्राध्यापकाकडे एक तक्रार सोपवली: फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं समजतच नाही. सबाइन रात्रीच्या शांततेत ऑर्गनची एक नळी वाजवायचे, बंद करायचे आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचे सेकंद मोजायचे. रिकाम्या सभागृहात साडेपाच सेकंद भरले. मग जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून पसरायच्या, पुन्हा मोजायचं, आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी. या उचलठेवीतून नियम निघाला तो असा: घुमाऱ्याचा काळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि खोलीतल्या एकूण शोषणाबरोबर घटतो. गाद्या शोषतात, पडदे शोषतात, माणसंही शोषतात. ऐंशी-नव्वद वादक कपड्यानिशी येऊन बसले की तेच खोलीचा आवाज बदलून टाकतात.

स्टुडिओ वन साधारण २८ मीटर लांब, १७ मीटर रुंद आणि १२ मीटर उंच आहे. तिथे आवाज ६० डेसिबलने खाली यायला दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर दुगुनीतला एकेक सूर पाव सेकंदाचा. म्हणजे आठवा सूर वाजतो तेव्हा पहिल्याचा माग अजून हवेत असतो. संथ, रुंद स्वरसमूहाला हे वरदान आहे. पाठलागाच्या प्रसंगात मात्र हाच घुमारा सगळं पुसट करू शकतो, आणि तिथे माइक कुठे टांगला आहे यावर सारं येऊन ठरतं.

लंडनच्या डेक्का कंपनीच्या इंजिनीअरांनी १९५० च्या दशकात एक मांडणी रुळवली, ती आजही चित्रपटसंगीतात सर्रास वापरतात. कंडक्टरच्या डोक्यावर, साधारण तीन मीटर उंचीवर, तीन माइक. दोन डावी-उजवीकडे, एकमेकांपासून सुमारे दोन मीटरवर, आणि तिसरा मधोमध दीड मीटर पुढे, वादकांच्या दिशेने. हे ‘डेक्का ट्री’. तिन्ही माइक चहूबाजूंचं ऐकतात, त्यामुळे वाद्यांबरोबर खोलीही टेपवर उतरते. पण मागच्या रांगेतली हॉर्न ही पितळी फुंकवाद्यं तिथून बारा मीटर दूर असतात. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे हॉर्नचा सूर ट्रीपर्यंत पोचतो तो ३५ मिलिसेकंद उशिरा. तो स्पष्ट यावा म्हणून हॉर्नपाशी वेगळा माइक ठेवतात. या जवळच्या माइकवर तोच सूर आधी पोचतो आणि आपला कान आधी आलेल्याचंच ऐकतो: त्याच सुराची दुसरी प्रत काही मिलिसेकंदांनी आली तर ती प्रतिध्वनी म्हणून वेगळी न ऐकता मेंदू ती पहिल्यात मिसळून टाकतो, आणि दिशा पहिलीचीच धरतो. म्हणून जवळच्या माइकची पातळी जरा चढवली की मागच्या रांगेतली हॉर्न उठून थेट पुढे येऊन बसतात.

पूर्वी सगळा ऑर्केस्ट्रा एकत्र वाजायचा, त्यामुळे ट्रम्पेट व्हायोलिनांच्या माइकमध्येही झिरपायचे. आता बऱ्याच चित्रपटांत तंतुवाद्यं आधी, पितळी वाद्यं नंतर, अशी थरांत नोंदवतात. शेवटच्या मिक्सिंगला दिग्दर्शकाला हवं ते वरखाली करता येतं. सोय मोठी आहे, पण आवाजाला सखोलपणा आणणारा तो झिरपा जातो, आणि अलीकडच्या पुष्कळ अल्बमांचा सपाटपणा मला यातूनच आलेला वाटतो.

चांगल्या आवाजाची खोली मिळवण्यासाठी कंपन्या काय काय सोसायच्या, त्याचा नमुना म्हणजे लंडनचा किंग्जवे हॉल. १९३० च्या दशकातलं हॉलिवूडचं संगीत बहुतेक चित्रफितीच्या कडेच्या मोनो पट्टीवरच शिल्लक होतं. ते भरदार आवाजात ऐकण्याचा एकच मार्ग म्हणजे पुन्हा वाजवणं. १९७२ पासून चार्ल्स गेरहार्ट यांनी आरसीए या तबकड्यांच्या कंपनीसाठी एरिख कोर्नगोल्ड आणि इतरांच्या रचना याच हॉलमध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या, इंजिनीअर होते केनेथ विल्किन्सन. हॉल मुळात मेथडिस्ट पंथाचा, आणि जमिनीखालून ट्यूब रेल्वे जायची. हळुवार जागी नीट कान दिला तर त्या काळच्या किंग्जवेच्या तबकड्यांत गाडीची घरघर ऐकू येते. ती ठाऊक असूनही कंपन्या तिथेच परत यायच्या.

टेपची खरखर हा दुसरा शत्रू. तिचा बंदोबस्त सुचला तो भारतात. अमेरिकन इंजिनीअर रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत होते. कल्पना त्यांना तिथे सुचली, कंपनी त्यांनी १९६५ मध्ये लंडनला काढली. सुरांच्या उंचीप्रमाणे आवाजाचे चार पट्टे करायचे, त्यातले फक्त हळू आवाज नोंदवताना उचलायचे, आणि ऐकवताना तेवढेच खाली आणायचे. संगीत होतं तिथे परत येतं. टेपची खरखर मधेच भरती झालेली असते, म्हणून ती एकटीच दबते: सुमारे १० डेसिबल, वरच्या पट्टीत १५.

आता बिटांचं. सोळा बिटांच्या सीडीत सर्वांत मोठा आवाज आणि गोंगाटाची तळपातळी यांत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. शांत बसलेल्या ऑर्केस्ट्राचा श्वास, खुर्च्यांची कुरकुर, कागदांची सळसळ मिळून पंचवीस-तीस डेसिबल होतात, आणि भर कल्लोळ माइकपाशी ११० च्या आसपास जातो. म्हणजे गरज ऐंशी-पंच्याऐंशीची. ध्वनिमुद्रण करताना चोवीस बिट हवेतच, कारण पातळी चुकली तर सावरायला जागा लागते. ऐकायला त्याचा उपयोग किती? २००७ मध्ये मेयर आणि मोरन या अभ्यासकांनी उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत गुपचूप सीडीचा दर्जा घातला आणि फरक ओळखायला सांगितलं. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरं बरोबर आली. छापा-काटा करूनही तेवढीच येतात. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरं ५२ टक्क्यांच्या आसपास निघाली. आकडेशास्त्राच्या कसोटीला ते उतरतं. त्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मग जुन्या आणि नव्या आवृत्तीत धडधडीत फरक ऐकू येतो तो कशाचा? बहुतेक वेळा पातळीचा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज लहान असताना कान खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकतो. म्हणून तेच संगीत एखाद-दोन डेसिबल चढवलं की ‘मोठं’ न वाटता ‘भरदार’ वाटतं. दुकानदारांना हे शास्त्राआधीच कळलं असावं. रिमास्टर करताना, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाची नवी आवृत्ती घडवताना, उंच टोकं छाटून सगळंच वर आणलं की पहिल्या मिनिटाला ऐकणारा खूश. पण ऑर्केस्ट्राचं सारं नाट्य एका बासरीपासून नव्वद वाद्यांपर्यंतच्या चढणीत असतं, आणि टोकं छाटली की शिखर येतं तेव्हा चढायला जागाच उरत नाही. तुलना करायची तर दोन्ही आवृत्त्या आधी एका पातळीवर आणा. स्ट्रीमिंग सेवांमधली आवाज समान करणारी सोय चालू केली तरी बरंच भागतं: चढवलेली आवृत्ती खाली ओढली जाते आणि तिचा सपाटपणा उघडा पडतो.

चांगली नवी आवृत्ती निघते ती टेप चांगली असेल तेव्हा. १९७०-८० च्या दशकांतल्या कित्येक टेपांवर चुंबकीय पूड धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर आहे. तो पावसाळ्यातल्या पापडासारखा हवेतलं पाणी पितो, चिकट होतो आणि वाजवताना यंत्रावर खरवडून निघतो. उपाय ऐकायला अघोरी आहे: टेप पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसला आठेक तास भाजायची. मग काही आठवडे ती नीट वाजते, तेवढ्यात तिची डिजिटल प्रत करून घ्यायची. ३५ मिलिमीटरच्या ॲसिटेट फिल्मवर नोंदवलेल्या संगीताचं दुखणं याहून वाईट. ॲसिटेट कुजून ॲसिटिक आम्ल सुटतं, डब्याला व्हिनेगरचा वास येतो, आणि तेच आम्ल पुढची कूज वाढवतं. फिल्म आक्रसते, वाकते, यंत्राच्या हेडला नीट टेकत नाही. हे मागे फिरवता येत नाही.

अल्बमवर काय येतं, हे मात्र विज्ञानाहून जास्त करारांवर ठरत आलं. अमेरिकेत चित्रपटासाठी वाजवलेलं संगीत अल्बमवर आणायचं तर वादकांना वेगळं मानधन द्यावं लागे, म्हणून तिथले कित्येक अल्बम अर्ध्या तासात आटोपलेले आहेत. ‘इन्ट्राडा’, ‘ला-ला लँड’ यांसारख्या छोट्या कंपन्यांनी पुढे पूर्ण आवृत्त्या काढल्या. पूर्ण असली म्हणजे ऐकायला सरस असतेच असं नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ एलपीसाठी विल्यम्स यांनी तुकड्यांचा क्रम चित्रपटाप्रमाणे न ठेवता मैफलीसारखा लावला होता, आणि सलग ऐकायला मला तोच पटतो. १९९७ च्या दोन सीडींच्या आवृत्तीत चित्रपटाचा क्रम आहे. पहिल्या सीडीच्या शेवटी, थोड्या शांततेनंतर, यादीत न छापलेले शीर्षकसंगीताचे वेगवेगळे टेक, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून केलेली ध्वनिमुद्रणं, लपवलेले आहेत. खोली, माइक, वादक सगळं तंतोतंत तेच असताना दोन टेकांत किती फरक पडतो हे तिथे ऐकावं.

आपल्याकडे हे सुख दुर्मीळ. मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्रांमध्ये गोव्याच्या वादकांची मोठी फळी होती. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेले हे लोक दिवसा गाणी आणि पार्श्वसंगीत वाजवत. गाण्यांच्या तबकड्या निघाल्या, पार्श्वसंगीताच्या क्वचितच. ‘शोले’च्या एलपीवर शीर्षकसंगीत आलं, असे अपवाद थोडे. बाकीचं संगीत संवादांच्या खालीच राहिलं आहे. आता संगणकाच्या मदतीने संवाद बाजूला काढून ते सोडवता येतं, पण संवादामागे जे झाकलं गेलं ते संगणक अंदाजाने भरतो. शिवाय चित्रफितीच्या कडेच्या जुन्या मोनो ऑप्टिकल पट्टीवर साधारण आठ किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे अगदी उंच सुरांचं, फारसं काही उतरतच नसे. व्हायोलिनच्या गजाची खरखर आणि झांजेची चमक बरीचशी त्याच्याही वर असते. ती हवी असेल तर मूळ चुंबकीय टेपच सापडायला हवी, आणि मुंबईच्या दमट हवेत टिकलेली असायला हवी.