लिंबाची साल किसायची, पण कशावर?

लिंबू, संत्रं, मोसंबी या फळांचा ओळखीचा वास रसात थोडाच असतो, खरा साठा सालीत असतो. केकमध्ये, श्रीखंडात किंवा सरबतात तो वास हवा असेल तर साल किसून घालावी लागते. ती कशावर किसली, यावर पदार्थ सुगंधी होणार की कडवट, हे बरंचसं ठरतं.

सालीचे दोन थर असतात. बाहेरचा रंगीत थर जेमतेम 1 ते 2 मिलिमीटर जाडीचा. त्यात तेलाच्या बारीक गोल पिशव्या ठासून भरलेल्या असतात. संत्र्याची साल मुडपली की डोळ्यांत उडतो तो फवारा याच पिशव्यांमधला. त्याखाली पांढरा, भुसभुशीत थर असतो. त्यात पेक्टिन (जॅम घट्ट करणारं चिकट द्रव्य) भरपूर, पण सुगंधी तेल जवळजवळ नसतंच.

संत्र्याच्या सालीतल्या तेलात 90 टक्क्यांहून अधिक लिमोनीन नावाचं सुगंधी द्रव्य असतं. पिवळ्या लिंबाच्या तेलात ते कमी, साधारण दोन तृतीयांश. लिंबाला लिंबाचा वास येतो तो मुख्यतः सिट्रल या घटकामुळे, आणि त्याचं प्रमाण अवघं 2–3 टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे वासाची मदार अगदी थोड्या आणि चटकन उडून जाणाऱ्या द्रव्यांवर आहे. पिशवी फुटली की ती हवेत जायला लागतात.

कडवटपणाचं गणित वेगळं आहे. पांढऱ्या थरात आणि पाकळ्यांच्या पापुद्र्यात एक बेचव द्रव्य असतं. पेशी फुटून आंबट रसाशी त्याची गाठ पडली, की काही तासांत त्याचं लिमोनिन बनतं आणि ते कडू लागतं. (नाव लिमोनीनच्या जवळचं असलं तरी पदार्थ अगदी वेगळा.) मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होतो तो यामुळेच. किसताना पांढरा भाग सरबतात गेला तर पहिला घोट छान लागतो आणि संध्याकाळी उरलेलं सरबत तोंडात धरवत नाही. उष्णतेने ही क्रिया आणखी वेगाने होते.

म्हणून उपकरणाला दोन प्रश्न विचारायचे. ते पांढऱ्या थराच्या वरच थांबतं का? आणि तेलाच्या पिशव्या कापतं की चिरडतं?

घरोघरी असलेली पत्र्याची किसणी इथे मार खाते. तिची भोकं ठोकून पाडलेली असतात आणि पत्रा फाटून वर आलेल्या कडा म्हणजे तिचे दात. जायफळ किसायची टोचरी बाजू तर सालीला ओरबाडते. पिशव्या चेंगरतात, तेल धातूवर पसरतं, कीस ओला होऊन भोकांत अडकतो. तो निघत नाही म्हणून माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की दात पांढऱ्यात शिरतात. नारळ, गाजर किंवा सुरणासाठी ही किसणी उत्तम आहे, लिंबासाठी नाही. हाताशी तीच असेल तर सर्वांत बारीक अर्धगोल पात्यांची बाजू घ्या आणि हात हलका ठेवा.

या कामाला सर्वांत योग्य म्हणजे लांब, अरुंद, रेझर-धारेची बारीक किसणी. बाजारात ती मायक्रोप्लेन या नावाने ओळखली जाते, मग बनवणारा कोणी का असेना. तिचा जन्म सुतारकामातला. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या ग्रेस मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीने 1990 च्या सुमारास लाकूड तासायची कानस बनवली. पुढे कॅनडातल्या लोरेन ली यांनी नवऱ्याच्या हत्यारांच्या दुकानातली ती कानस केकसाठी संत्र्याच्या सालीवर चालवली आणि कीस हलका, मोकळा पडला. स्वयंपाकघरातला तिचा प्रवास तिथून सुरू झाला.

या पात्यात भोकं ठोकत नाहीत. पोलादी पत्र्यावर प्रकाशाने आकृती उमटवतात आणि उघडा राहिलेला धातू रसायनाने खाऊन काढतात. त्यामुळे कडेला फाटलेला पत्रा राहत नाही, सरळ धार मिळते. प्रत्येक दात रंध्याच्या पात्यासारखा सालीचा पातळ पापुद्रा उचलतो. दात उथळ असल्याने पांढऱ्यापर्यंत जायला मुद्दाम जोर लावावा लागतो. विकत घेताना बोटाच्या पेराने हलकेच चाचपून पाहा: एका दिशेला गुळगुळीत, उलट दिशेला पकड लागली पाहिजे. दोन्हीकडे सारखंच खरखरीत लागत असेल तर ती साधी ठोकलेली जाळी आहे. पातं वाकत असेल तर तीही घेऊ नका.

वापरताना फळ खाली आणि किसणी वर, अशी उलटी पद्धत सोयीची. कीस पात्याच्या पाठीवर साठतो आणि किती झाला ते दिसत राहतं. दात एकाच दिशेने कापतात, त्यामुळे मागेपुढे घासण्यात अर्थ नाही. एका जागी एक-दोन हात, मग फळ फिरवायचं. पांढरं दिसायला लागलं की ती जागा संपली. फळ कोरडं हवं. ओल्या सालीचा कीस चिकटून गोळे होतात. साल किसायची असेल तर रस नंतर काढा, कारण पिळलेलं फळ दबतं आणि किसता येत नाही.

फळानुसार हात बदलावा लागतो. आपलं कागदी लिंबू लहान, साल पातळ. एका लिंबातून जेमतेम चमचाभर कीस मिळतो, लोभ धरला की पांढरं येतंच. मोसंबीची साल जाड असल्याने धोका कमी. खरी अडचण नागपुरी संत्र्याची. त्याची साल सैल असते, किसणीखाली दबते आणि सुरकुतते. त्यासाठी घट्ट, ताजं फळ निवडा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि सोलण्याआधीच किसा. साल सुटलेलं, पोकळ लागणारं संत्रं खायला घ्या, किसायला नको.

प्रत्येक वेळी बारीक कीसच हवा असं मात्र नाही. चहा, दूध, पाक किंवा तेलात साल उकळून काढून टाकायची असेल तर सोलाणं पुरेसं आहे. रुंद पट्ट्या काढा, पांढरी बाजू वर करून पाटावर ठेवा आणि सुरी आडवी धरून उरलेलं पांढरं खरवडून टाका. पट्टीत बहुतेक पिशव्या शाबूत राहतात, त्यामुळे वास सावकाश उतरतो. चार-पाच भोकांचं छोटं झेस्टर लांब दोरे काढतं. सजावटीला छान, पण पिठात मिसळायला ते जाड पडतात. घरात एकच वस्तू घ्यायची तर बारीक किसणी घ्या; सोलाणं बहुतेकांकडे असतंच.

कीस थेट साखरेवर किंवा लोण्यावर पडू द्या. सुटलेलं तेल साखरेच्या कणांवर बसतं, लोण्यात तर विरघळतंच. साखरेबरोबर बोटांनी मिनिटभर चोळलं की साखर ओलसर आणि रंगीत होते. सरबतासाठी हीच साखर वापरावी. लिमोनीनचा उत्कलनबिंदू 176 अंश सेल्सिअस असला तरी उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर ते आधीच निघून जातं. म्हणून खीर, वरण किंवा भातात कीस गॅस बंद केल्यावर घाला. उरलेला कीस उघडा ठेवू नका. घट्ट डबीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. कडक पारदर्शक प्लास्टिकची स्वस्त डबी टाळा: ती पॉलिस्टायरीनची असेल तर लिमोनीन तिला विरघळवतं. काच किंवा स्टील बरं.

दुकानातल्या चकचकीत फळांवर मेणाचा लेप असू शकतो. कोमट पाण्यात ब्रशने घासून, पुसून, पूर्ण वाळवून मगच किसा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, विशेषतः हिरवं लिंबू हाताळलं असेल तर. त्याच्या सालीतल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचेवर भाजल्यासारखे फोड आणि मग काळे डाग उठतात. उन्हाळ्यात बाहेर बसून सरबत करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

किसणी लगेच धुवा. पेक्टिन वाळलं की दातांमध्ये घट्ट बसतं. ब्रश दातांच्या दिशेने फिरवा, तारेचा काथ्या लावू नका; त्याने धार जाते. इतर भांड्यांत मोकळी टाकली तरी दात बोथटतात, म्हणून प्लास्टिकचं आवरण जपून ठेवा. कीस मोकळा पडायचा थांबून ओला लगदा यायला लागला, की पातं गेलं असं समजा. या पात्याला घरी धार लावता येत नाही, ते बदलावंच लागतं.