सोग्नेफियॉर्ड: आत खोल, दाराशी उथळ

नॉर्वेच्या सहलींच्या जाहिरातींत फियॉर्डला, म्हणजे उभ्या डोंगरांमधून जमिनीत लांबवर शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याला, हमखास 'समुद्राने कोरलेली दरी' म्हणतात. समुद्र इथला आयता मालक. घर बांधून झाल्यावर राहायला आलेला. कोरलं ते हिमनदीने.

पुरावा तळाशीच आहे. नॉर्वेतला सोग्नेफियॉर्ड सुमारे २०५ किलोमीटर आत शिरतो. आत खोली १,३०० मीटर, तोंडाशी मात्र दोनशेसुद्धा नाही. नदी उताराने वाहते, ती मुखापेक्षा आत हजार मीटर खोल खोदणार कशी? कोकणातल्या खाड्या म्हणजे समुद्रात बुडालेल्या नदीदऱ्या. तिथे असा खड्डा मिळत नाही.

बर्फ मात्र चढ चढतो, कारण त्याची दिशा मुख्यतः वरच्या पृष्ठभागाचा उतार ठरवतो, तळाचा नव्हे. एक किलोमीटर जाड बर्फाचा तळावरचा दाब वातावरणाच्या जवळपास ९० पट. त्या दाबाखाली बर्फ शून्य अंशाच्या किंचित खालीच वितळतो, तळाशी पाण्याचा पातळ थर राहतो आणि हिमनदी घसरते. मग तळात रुतलेले दगड खडकाला पॉलिश पेपरसारखे घासतात. खालच्या पाण्याचा दाब कमी-जास्त झाला की भेगाळलेल्या खडकाचे ठोकळेच्या ठोकळे निखळून बर्फासोबत निघतात. बाजूच्या दऱ्यांतला बर्फ येऊन मिळाला की तेवढ्याच वाटेने जास्त बर्फ जायचा; वेग वाढला, खोदाईही वाढली. किनाऱ्याशी डोंगरभिंती संपल्या. तव्यावर घावनाचं पीठ पसरावं तसा बर्फ आडवा पसरून पातळ झाला, खोल पाण्यात तरंगूही लागला. तरंगता बर्फ तळ घासत नाही. तिथला खडक शिल्लक राहिला, तोच उंबरठा.

उंबरठा फारच उथळ असला तर आतलं पाणी बदलत नाही. नॉर्वेच्या दक्षिणेतल्या फ्रामवारेन या फियॉर्डच्या दाराशी जेमतेम २ मीटर पाणी, आत १८० मीटर खोली. वीसेक मीटरखाली ऑक्सिजन नाही. आहे तो कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड.

सोग्नेच्या भिंती उभ्या. सपाट जमीन मुख्यतः नद्यांनी आणलेल्या गाळाची, म्हणून फ्लोम, गुदवांगेन, लार्दाल ही गावं सोग्नेच्या फाट्यांच्या टोकाला, नदीच्या मुखाशी. बर्फाचं ओझं उतरल्यावर जमीन वर आली, तेव्हा जुन्या गाळाच्या पायऱ्या पाण्याबाहेर राहिल्या. त्यांवर शेती होते.

आउरलान आणि लार्दाल ही तिथली गावं २००० साली २४.५ किलोमीटरच्या बोगद्याने जोडले गेले. एका काठावरच्या लाविकहून समोरच्या ओप्पेदालला जायचं तर मुख्य फियॉर्डच ओलांडावा लागतो. खांब रोवायला तळ हजार मीटरहून खाली, त्यामुळे गाड्या फेरीबोटीनेच जातात. २०१५ पासून तिथे बॅटरीवरची बोटही आहे.