ठाणे-नवी मुंबईतली लॉ फर्म

ठाणे, वाशी, बेलापूर, पनवेल या पट्ट्यात चार-पाच किंवा दहा-पंधरा वकील एकाच बोर्डाखाली बसतात अशा ऑफिसला हल्ली सगळे लॉ फर्म म्हणतात. कागदोपत्री ती १९३२ च्या कायद्याखालची भागीदारी असते, काही ठिकाणी २००८ च्या कायद्यातली एलएलपी, आणि बऱ्याचदा यातलं काहीच नसतं, एका सिनियरचं ऑफिस असतं आणि नावापुढे ‘अँड असोसिएट्स’ लागलेलं असतं. या फर्म मुंबईच्या फोर्टमधल्या सॉलिसिटर फर्मच्या छोट्या आवृत्त्या आहेत असं बरेच जण धरून चालतात पण तसं नाहीये, यांचा जन्मच वेगळ्या कारणाने झाला, आणि ते कारण म्हणजे मुख्यतः जमीन.

मुंबई शहरात मोठे दिवाणी दावे थेट हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (म्हणजे खालच्या कोर्टात न जाता हायकोर्टातच पहिल्यांदा चालणाऱ्या दाव्यांच्या शाखेत) लागायचे आणि तिथे कागद तयार करणारा सॉलिसिटर वेगळा, उभा राहून बोलणारा काउन्सेल वेगळा अशी जुनी पद्धत होती (कायद्याने ती १९७० च्या दशकात संपली, सवय नाही संपली). त्यामुळे तिकडे फर्म लवकर तयार झाल्या. ठाणं मुंबई शहराच्या हद्दीबाहेर पडलं, म्हणजे मुफस्सल, शहराबाहेरचा जिल्हा. इथे कोट्यवधींचा दावा असला तरी तो ठाण्याच्याच वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशापुढे जायचा आणि तोच वकील दावा लिहिणार, तोच साक्ष घेणार, तोच आर्ग्युमेंट करणार. कोर्ट नाक्याच्या आसपास जिल्हा कोर्ट, कलेक्टर ऑफिस आणि किल्ल्यातलं जेल जवळजवळ असल्यामुळे एक वकील, एक कारकून आणि एक डायरी एवढ्यावर आख्खं करिअर निघून जायचं, फर्मची गरजच नव्हती.

पहिला धक्का कारखान्यांनी दिला. १९६२ मध्ये एमआयडीसी (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ) आली, वागळे इस्टेट आणि मग ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला, त्यापाठोपाठ कामगार आणि औद्योगिक कोर्टातली कामं. १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यानंतर ही प्रॅक्टिस जोरात चालली आणि वकिलांचे सरळ दोन तट पडले, मॅनेजमेंटवाले आणि युनियनवाले. कंपनीला दर महिन्याला ठरलेले पैसे देऊन बांधलेला वकील हवा असायचा, म्हणून रिटेनर ही गोष्ट या भागात याच कामातून रुळली. पुढे कारखाने बंद पडत गेले तशी हीच ऑफिसं क्लोजर (कारखाना कायदेशीरपणे बंद करणं), थकीत देणी आणि जमिनीचा वापर बदलण्याच्या कामाकडे वळली.

पण खरी वाढ झाली ती भूसंपादनामुळे. मार्च १९७० मध्ये सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. तेव्हाच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात (तो २०१४ पासून रद्द झाला) निवाड्याची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मोबदल्याची रक्कम पटली नाही तर कलम १८ खाली अर्ज करायचा, निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत फक्त सहा आठवडे, मग कलेक्टर तो कोर्टाकडे पाठवायचा. एका गावात एकाच वेळी शेकडो खातेदार, प्रत्येकाचा सातबारा वेगळा, वारस वेगळे, कुणी मयत, कुणाचं नाव फेरफारात चढलेलंच नाही. हे एकट्या माणसाचं कामच नाही! मग एक ज्युनिअर तलाठ्याकडे, एक नकला काढायला, एक तुलनेसाठी आसपासची खरेदीखतं शोधायला, असं करत ऑफिसची माणसं वाढली. जानेवारी १९८४ च्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबारात माणसं गेली, आणि त्याच वर्षी कायद्यात बदल होऊन सोलेशियम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची वाढीव रक्कम) १५ वरून ३० टक्के झालं, शिवाय २८-अ कलम आलं, म्हणजे शेजाऱ्याच्या केसमध्ये कोर्टाने भाव वाढवला तर अर्ज न केलेल्यालाही तीन महिन्यांत तो भाव मागता यायला लागला. एका निकालाच्या मागे आख्खं गाव ऑफिसात यायचं ते यामुळे. मिळणाऱ्या मोबदल्याच्या टक्क्यांवर फी ठरवून केस घेणं मात्र बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही हे इथे सांगून ठेवायला हवं.

त्यानंतर साडेबारा टक्क्यांचे भूखंड (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्याला परत दिलेला विकसित हिस्सा) आले आणि कामाचं रूपच बदललं. भूखंड मिळालेला मूळ शेतकऱ्याला, बांधणार बिल्डर, जमिनीची मालक सिडको आणि हक्क लीजचा, म्हणून त्रिपक्षीय करार. कोर्टात न जाणारे, नुसते कागद करणारे वकील इथून पुढे आले. टायटल सर्चचं, म्हणजे जमिनीची मालकी स्वच्छ आहे का हे तपासायचं काम जवळून बघितलं तर कंटाळवाणं आहे पण सगळी फी त्यातच. तीस वर्षांचे फेरफार एकामागे एक लावायचे, सब-रजिस्ट्रारकडचं इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहारांची सूची) तपासायचं, पेपरात १४ दिवसांची जाहीर नोटीस द्यायची, आणि एखाद्या बहिणीचं हक्कसोड पत्र राहिलंय हे नेमकं शेवटच्या दिवशी कळतं. घोडबंदर रोडला टॉवर उठायला लागले, बँकांची होम लोनं वाढली, तेव्हा बँकेच्या पॅनलवर असणं हीच काही फर्मची मुख्य कमाई झाली. २००८ नंतर डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरने टाळलं तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं), २०१७ पासून महारेरा (बांधकाम प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण), त्यामुळे आता बिल्डरच्या बाजूचं ऑफिस आणि सोसायट्यांच्या बाजूचं ऑफिस असा भेद दिसतो, दोन्हीकडची कामं घेणारेही आहेत, फक्त एकाच मॅटरमध्ये नाही घेता येत.

भूगोलाचा त्रास मात्र कायम आहे. बेलापूरचं कोर्ट ठाणे जिल्ह्यात, लगतचं खारघर पनवेलच्या कोर्टाखाली आणि तिथलं मुख्य जिल्हा न्यायालय थेट अलिबागला. मोठ्या दाव्यांचं अपील फोर्टमधल्या हायकोर्टात. म्हणून इथल्या फर्मचा साचा ठरलेला, एक जण ठाण्यात, एक बेलापूर-वाशीला, एक पनवेलला, आणि हायकोर्टासाठी जमलं तर एक पार्टनर, नाहीतर तिकडच्या ओळखीच्या वकिलाला ब्रीफ, म्हणजे केस सोपवायची. सकाळी साडेदहाला कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या केसच्या यादीत, नंबर कितवा आहे हे व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं आणि कोण कुठे धावणार ते तिथेच ठरतं. २०२० नंतर ऑनलाइन सुनावणी थोडी रुळली तरी साक्षीपुराव्याला जावंच लागतं.

वाढीला नियमांचा लगामही आहे. वकिलाला जाहिरात करता येत नाही, बोर्डही बेताचाच लावायचा, वेबसाइटची मुभा २००८ पासून आणि तीही ठराविक माहितीपुरती. वकील नसलेल्या माणसाबरोबर भागीदारी किंवा फीची वाटणी चालत नाही, म्हणजे बाहेरून पैसा उभा करून फर्म मोठी करण्याचा रस्ताच बंद. त्यामुळे काम येतं ते ओळखीतून, गावातून, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून.

ज्युनिअरांना पैसे कमी मिळतात ही जुनी तक्रार इथेही आहे, आणि ती खरी आहे. दोन-तीन वर्षांत हात बसला की बरेच जण बाहेर पडून स्वतःचं ऑफिस टाकतात, त्यामुळे या भागातल्या फर्म वाढतात तशा फुटतातही. दुसरी पिढी बहुतेक घरातलीच. सनद (वकिलीचा परवाना) मात्र ज्याची त्याची, फर्मच्या नावाने सनद नसते आणि वकीलपत्र सिनियर वारला की त्याच्यापुरतं संपतं, म्हणून जरा मोठ्या ऑफिसांत वकीलपत्रावर सुरुवातीपासूनच तीन-चार नावं आणि सह्या घेऊन ठेवतात.