विठोबा पुरसोचा कोण?

चवथीला गोव्यातल्या माशेलच्या मूळ घरी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, बसून आमची भावकी वंशावळ उलगडून बघत होती. पणजोबांच्या अक्षरातली, घड्यांवर फाटलेली. पुतण्याने तिचा फोटो मोबाइलमधल्या एका चॅटबॉटला दिला आणि विचारलं, ‘विठोबा पुरसोचा कोण?’ क्षणात उत्तर आलं, ‘चुलता.’ कागदावर विठोबाचा मुलगा सखाराम आणि सखारामाचा पुरसो असं स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे आजोबा. ‘नीट बघ’ म्हटल्यावर तितक्याच ठामपणे ‘आजोबा’ असं उत्तर आलं. कशावरून, ते दोन्ही वेळा नाही.

देवाला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की कौल मिळाला, असं आपल्याकडे मानतात. ओली पाकळी वाळली की कुठल्या तरी बाजूने सुटणारच, आणि तिला ‘का?’ म्हणून विचारता येत नाही. फोनमधल्या उत्तरालाही आपण तसाच कौल मानू लागलो आहोत, याची मला खरोखर काळजी वाटते.

कारण ‘कशावरून?’ या एका प्रश्नावर उभी असलेली शाखा संगणकशास्त्रात पन्नास वर्षांहून जास्त काळ आहे: लॉजिक प्रोग्रॅमिंग. तिची सर्वांत प्रसिद्ध भाषा प्रोलॉग. ती १९७२च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेयला अलां कोल्मेरोए आणि फिलिप रूसेल यांनी घडवली. तिच्यामागच्या तर्कविचारात एडिनबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्की यांचा मोठा वाटा. या भाषेत यंत्राला ‘आधी हे कर, मग ते कर’ असं सांगत नाहीत. जे खरं आहे तेवढं लिहायचं. खुणा बाजूला ठेवून मराठीत लिहायचं तर असं:

पिता(विठोबा, सखाराम).
पिता(सखाराम, पुरसो).
पूर्वज(क, ख) जर पिता(क, ख).
पूर्वज(क, ख) जर पिता(क, ग) आणि पूर्वज(ग, ख).

पहिली ओळ म्हणजे विठोबा हा सखारामाचा पिता; क, ख, ग म्हणजे कोणाचंही नाव बसेल अशा रिकाम्या जागा. आता विचारा: पूर्वज(विठोबा, पुरसो)? यंत्र प्रश्नाकडून उलटं चालू लागतं. पहिला नियम लावला तर ‘पिता(विठोबा, पुरसो)’ हवं. तसं विधान नाही, म्हणून मागे फिरायचं. दुसरा नियम म्हणतो, विठोबाचा कोणी मुलगा ‘ग’ शोधा आणि तो पुरसोचा पूर्वज आहे का ते बघा. ‘ग’च्या जागी सखाराम बसतो. नवा प्रश्न: पूर्वज(सखाराम, पुरसो)? आता पहिल्याच नियमाने काम होतं. हाती जे उरतं ती सिद्धता असते, आणि तिची प्रत्येक पायरी बोट ठेवून दाखवता येते.

हे इतकं सोपं का असावं? दहावीच्या भूमितीत एखादं प्रमेय सिद्ध करताना आपण मध्येच दुसरं प्रमेय आणतो. ते नेमकं कोणतं आणायचं, हे माणसाला सुचतं. यंत्रापुढे मात्र अशी अनंत प्रमेयं असतात. गेर्हार्ड गेंट्सेन या पंचविशीतल्या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने १९३४-३५ मध्ये दाखवलं की शुद्ध तर्काच्या कुठल्याही सिद्धतेतून अशी बाहेरून आणलेली मधली पायरी काढून टाकता येते. त्या पायरीला ‘कट’ म्हणतात. (प्रोलॉगमध्येही कट नावाची खूण आहे, तिचा याच्याशी संबंध नाही.) कट गेला की सिद्धतेत उरतात ते फक्त हातातल्या विधानांचे आणि प्रश्नाचे स्वतःचे तुकडे. सिद्धता कधी कधी भयंकर लांबते, पण शोधायची कुठे हे ठरतं.

तरी एक अडचण उरते. नियमातल्या ‘ग’च्या जागी कोणाला बसवायचं? गावातलं एकेक नाव घालून बघायचं? १९६५ मध्ये तर्कशास्त्रज्ञ ॲलन रॉबिन्सन यांनी यावर जो उपाय वापरला, तो मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो: घाई करू नका, जागा रिकामी ठेवा. दोन विधानं शेजारी धरा आणि ती एकसारखी व्हायला जेवढं भरावं लागेल तेवढंच भरा, एक अक्षरही जास्त नको. ‘पिता(विठोबा, ग)’ आणि ‘पिता(विठोबा, सखाराम)’ समोरासमोर आले की ‘ग’ आपोआप ठरतो. याला युनिफिकेशन म्हणतात. त्यामुळेच ‘पूर्वज(क, पुरसो)?’ असा उलटा प्रश्नही त्याच दोन नियमांना विचारता येतो. आधी सखाराम येतो, मग विठोबा. नवीन ओळ एकही लिहावी लागत नाही.

क्रमाला मात्र जपावं लागतं. शेवटचा नियम ‘पूर्वज(क, ग) आणि पिता(ग, ख)’ असा फिरवून सर्वांत वर ठेवला, तर अर्थ तोच राहतो, पण यंत्र पूर्वज शोधण्यासाठी पूर्वज शोधत बसतं आणि उत्तर कधीच येत नाही. कोवाल्स्कींनी १९७९ मध्ये हे एका सूत्रात मांडलं: अल्गोरिदम (उत्तर काढायची पायरीवार रीत) म्हणजे तर्क अधिक नियंत्रण.

आणि सिद्धता सापडलीच नाही तर? प्रोलॉग ते विधान खोटं धरतं. संगणकशास्त्रज्ञ कीथ क्लार्क यांनी १९७८ मध्ये या रिवाजाला तर्काचा नीट आधार दिला. एस.टी.च्या वेळापत्रकात साडेनऊची गाडी छापलेली नसेल तर ती नाही असं आपण समजतो, तसंच हे. पण वेळापत्रक पुरं असावं लागतं. मी आमची पूर्ण वंशावळ घालून विचारलं, ‘विठोबाला मुली होत्या का?’ उत्तर आलं, ‘नाही.’ तर्कात खोट नव्हती. पणजोबांनी सगळ्या कागदावर एकाही बाईचं नाव लिहिलं नव्हतं, आणि यंत्राला माहीत होतं ते तेवढंच.

ऐंशी वर्षांची आत्या पाटाजवळ बसून करंज्या भरत होती. ‘दोन होत्या,’ ती म्हणाली. ‘एक डिचोलीला दिली, एक पेडण्याला. गंगा आणि येसू.’ मी दोन ओळी वाढवल्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. पडद्यावर आधी गंगा आली, मग येसू. आत्याने चष्मा पुसून दोन्ही नावं वाचली आणि मला येसूच्या मुलांची नावं सांगायला सुरुवात केली.