टू-स्ट्रोक स्कूटरला ब्लोअर: ही कल्पना आली कुठून

छोट्या टू-स्ट्रोक स्कूटरला ब्लोअर, म्हणजे इंजिनात दाबाने हवा कोंबणारा पंप (एक्झॉस्टच्या जोरावर फिरला तर टर्बो, इंजिननेच फिरवला तर सुपरचार्जर), लावायचं म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं, "एवढं सोपं असतं तर कंपन्यांनीच नसतं का केलं?" पण कंपन्यांनी केलं होतं ना, नव्वदएक वर्षांपूर्वीच केलं होतं आणि त्यावर शर्यती जिंकल्या होत्या, मग ते बंद का पडलं हा खरा प्रश्न आहे.

मुळात टू-स्ट्रोकला पंप लागतोच, कारण फोर-स्ट्रोकसारखा हवा ओढून घेणारा वेगळा स्ट्रोक त्यात नाही. डुगाल्ड क्लर्कने १८८१ मध्ये पेटंट घेतलेल्या इंजिनात हवा-पेट्रोलसारख्या इंधनाचं मिश्रण ढकलायला चक्क वेगळा सिलिंडर होता. पुढे १८९१ मध्ये जोसेफ डे यांनी पिस्टनच्या खालची जागा, म्हणजे क्रँककेसच पंप म्हणून वापरली, आणि साध्या टू-स्ट्रोक स्कूटरचं इंजिन तसंच चालतं. स्वस्त, हलकं, भाग कमी. पण हा पंप तसा कमजोर, कारण क्रँकभोवती रिकामी जागा खूप उरते आणि नीट दाब तयारच होत नाही.

म्हणून १९३० च्या दशकात जर्मनीतल्या डीकेडब्ल्यूने रेसिंग बाइकवर आणखी एक मोठा पिस्टन बसवला, त्याचं काम फक्त मिश्रण कोंबायचं. १९३८ मध्ये एवाल्ड क्लुगेने अशाच २५० सीसी गाडीवर आइल ऑफ मॅन बेटावरची लाइटवेट टीटी ही नावाजलेली शर्यत जिंकली, दुसऱ्या नंबरच्या पुढे तब्बल ११ मिनिटांहून जास्त! गाडी पेट्रोल प्यायची भयंकर आणि आवाज कान फाडणारा, पण वेगाबद्दल शंकाच नव्हती.

आता इथे एक गोष्ट बहुतेक जण वाचताना सोडून देतात आणि माझ्या मते सगळा विषयच तिच्यात आहे. ते इंजिन स्प्लिट-सिंगल होतं, म्हणजे एकाच कंबशन चेंबरखाली दोन पिस्टन शेजारी शेजारी, एक ट्रान्सफर पोर्ट (ताजं मिश्रण आत येण्याचं भोक) उघडणारा आणि दुसरा एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर जाण्याचं भोक). दोघं किंचित पुढेमागे चालायचे, त्यामुळे एक्झॉस्ट आधी बंद करता यायचा आणि ट्रान्सफर नंतर. आपल्या नेहमीच्या एका पिस्टनच्या इंजिनात बरोबर उलटं होतं. पिस्टन वर यायला लागला की ट्रान्सफर पोर्ट आधी झाकतो आणि त्याच्या वरच्या बाजूला असलेला एक्झॉस्ट पोर्ट अजून उघडाच असतो. तुम्ही कितीही बूस्ट, म्हणजे जादा दाब, द्या, तेवढ्या वेळात जास्तीचं मिश्रण सरळ सायलेन्सरमध्ये पळून जातं. म्हणजे हवा आत कशी घालायची हा प्रश्न तसा सोपा, आत घातलेली टिकवायची कशी तिथे घोडं अडतं.

१९४६ मध्ये मोटरसायकल रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुपरचार्जरवर बंदी घातली आणि शर्यतीतला हा रस्ता संपला. रेकॉर्ड करायला मात्र मोकळीक होती, आणि स्कूटरचा संबंध येतो तो इथेच. फेब्रुवारी १९५१ मध्ये व्हेस्पावाल्या पियाज्योने रोम-ओस्तिया रस्त्यावर टॉर्पेडोसारखी १२५ सीसी व्हेस्पा ताशी १७१ किमी वेगाने पळवली, तीत समोरासमोर चालणारे दोन पिस्टन होते. लँब्रेटा बनवणारी इन्नोचेन्ती गप्प कशी बसणार, त्यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १२५ सीसी लँब्रेटाला सुपरचार्जर लावला, वरून पूर्ण बंद बॉडी चढवली आणि रायडर रोमोलो फेर्रीला जर्मनीत म्युनिक-इंगोलश्टाटच्या हायवेवर सोडलं, वेग २०० च्या वर गेला. स्कूटर कंपनीच्या टू-स्ट्रोकला ब्लोअर! आणि तेही ७० पेक्षा जास्त वर्षांपूर्वी.

पण ते दुकानात विकायला कधीच आलं नाही, कारण त्याच दशकात पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीचे इंजिनिअर वाल्टर काडेन वेगळ्याच दिशेने निघाले. एक्झॉस्टमधून सुटलेली दाबाची लाट पाइपच्या निमुळत्या शेवटावर आपटून परत येते, ती नेमकी पोर्ट बंद व्हायच्या आधी पोचली तर पळून चाललेलं मिश्रण पुन्हा आत ढकलते. हाच तो पोट फुगलेला एक्स्पान्शन चेंबर. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ हॉर्सपॉवर दिली, म्हणजे लिटरमागे २००, ब्लोअर न लावता. त्याच वर्षी एमझेडचा रायडर एर्न्स्ट डेगनर पूर्व जर्मनीतून पळाला आणि ही विद्या सुझुकीकडे गेली, १९६२ चं ५० सीसीचं पहिलं विश्वविजेतेपद त्याने सुझुकीवरच घेतलं. वेगळा भाग नाही, बेल्ट नाही, फक्त वाकवलेला पत्रा, मग एवढ्याशा इंजिनावर ब्लोअरचा खर्च कोण करणार!

आता घरी कोणी हे करायला बसलं तर अडचणी त्याच जुन्या. सहज मिळणारा छोटा सुपरचार्जर म्हणजे आयसिनचा एएमआर५००, तो एका फेरीत ५०० सीसी हवा ढकलतो, आणि ५० सीसी टू-स्ट्रोकला एका फेरीत लागते जेमतेम ५० सीसी. मग पुली लावून तो इतका हळू फिरवावा लागतो की आतल्या फटींतूनच हवा मागे गळते. कार्ब्युरेटरच्या आधी ब्लोअर असेल तर फ्लोट बाउललाही (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) तोच दाब द्यावा लागतो, नाहीतर जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, पेट्रोल वर येतच नाही, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टनला भोक पडतं. क्रँकचे ऑइल सीलही एवढा दाब सतत सोसायला बनवलेले नसतात. टर्बोला दाबाखालचं तेल हवं आणि साध्या टू-स्ट्रोकमध्ये तर दाबाखाली फिरणाऱ्या तेलाची लाइनच नसते.

तरी मला टर्बोच जास्त पटतो, कारण टर्बाइन एक्झॉस्टचा रस्ता थोडा अडवतं आणि मागे दाब साठतो, म्हणजे पळणाऱ्या मिश्रणापुढे आपोआप दार लोटल्यासारखं होतं. स्की-डूने ८५० सीसीच्या टू-स्ट्रोक स्नोमोबाइलवर २०२० च्या मॉडेलमध्ये कंपनीतूनच टर्बो दिला तो असाच, जोडीला डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारायचं), म्हणजे पोर्टमधून काही निसटलंच तर बरीचशी नुसती हवा निसटते, पेट्रोल कमी. डायरेक्ट इंजेक्शन स्कूटरलाही नवीन नाही, एप्रिलियाने २००० च्या सुमारास एसआर ५० डायटेकमध्ये ते दिलंच होतं, पण टर्बोशिवाय.