‘साठी बुद्धी नाठी’ हे खरं नाही

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत आजी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली की ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून विषय संपतो. तो संपवू नका. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे, वार्धक्याचा नियम नव्हे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या तज्ज्ञ आयोगाने त्याचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. ते दूर झाले तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतात. बीपी, मधुमेह, एकटेपणा ही ओळखीची नावं. बहिरेपण मात्र आपण हसण्यावारी नेतो! ऐकू येईना की आजोबा गप्पांतून उठतात, मग भजनही सुटतं. भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ आणि जवळचा दवाखाना यांनी मिळून कान, डोळे, बीपी तपासावेत. कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांपासून सुरुवात करता येईल.